चेंबर नंबर चार

सीएची आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्यासाठी फर्ममध्ये करावी लागणारी उमेदवारी, संपून आता काही महिने झाले. ११ ऑक्टोबर २०२१ ते १० ऑक्टोबर २०२४, पूर्ण तीन वर्षं. काय शिकलीस म्हणून कुणी विचारलं की जीएसटी, टॅक्स ऑडिट, बँक ऑडिट असं ठरलेलं उत्तर देऊन मोकळी होते. खरं उत्तर तासगावकडच्या एका कोल्ड स्टोअरेजच्या चौथ्या खोलीत आहे आणि ते सांगायला जरा वेळ लागतो. तालुक्याच्या गावातून येऊन आर्टिकलशिपला लागणाऱ्या पोरापोरींना उपयोग होईल, म्हणून पहिल्यापासून लिहिते, कागदपत्रांच्या कटकटीसकट.

मी कवठेमहांकाळ तालुक्यातली. घरी दोन एकर द्राक्षबाग, वडील बँकेचं पीककर्ज घेऊन शेती करणारे. कोरोनामुळे आमची मे २०२१ ची इंटरमीजिएट जुलैत झाली आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात निकाल लागला. दोन्ही ग्रुप, म्हणजे पेपरांचे दोन्ही गट, निघाले. इंटरला नोंदणी करतानाच १८ हजार भरलेले असतात. त्यातले १५ हजार नोंदणीचे, २ हजार विद्यार्थी उपक्रमांचे आणि १ हजार आर्टिकल म्हणून नोंदणीचे. हे मुद्दाम सांगते, कारण माझ्या एका मैत्रिणीला ‘आर्टिकल रजिस्ट्रेशनची फी वेगळी लागते’ असं सांगून कुणीतरी पैसे उकळले होते. शिवाय आयसीआयटीएसएसचे दोन कोर्स करावे लागतात, एक आयटीचा आणि एक ओरिएंटेशनचा, पंधरा-पंधरा दिवसांचे. आमचे ऑनलाइन झाले. ओरिएंटेशनमध्ये ‘नेतृत्व’ या विषयावर पूर्ण एक सत्र होतं. स्लाइडवर डोंगराच्या टोकावर हात पसरून उभा असलेला माणूस होता. मी कॅमेरा बंद करून भाकरी थापत होते. त्या सत्रातलं बाकी काही आठवत नाही.

पुण्याला का गेले नाही, हे सगळे विचारतात. साधा हिशेब होता. तेव्हाच्या नियमाप्रमाणे २० लाखांवर लोकसंख्येच्या शहरात पहिल्या वर्षाचा किमान स्टायपेंड २,००० रुपये, सांगलीसारख्या शहरात १,५००. पुण्यात पाचशे रुपये जास्त मिळवायला कॉट बेसिस आणि मेसचे सात-आठ हजार घालायचे. घरून झेपणारं नव्हतं. सांगलीत विश्रामबागेत एक मध्यम फर्म होती. दोन पार्टनर, सात आर्टिकल, एक जुने अकाउंटंट काका. इंटरव्ह्यू दहा मिनिटांचा. सरांनी दोनच प्रश्न विचारले. एसटीनं येणार का, आणि ऑडिटच्या पेपरला मार्क किती. ६४ म्हटल्यावर म्हणाले, “सोमवारपासून या.”

पहिलं काम फॉर्म १०२. हा तुमचा आणि प्रिन्सिपलचा, म्हणजे ज्यांच्या हाताखाली शिकायचं त्या सीएंचा करार, स्टॅम्पपेपरवर. त्यानंतर फॉर्म १०३, तो इन्स्टिट्यूटच्या (आयसीएआय, सीएंची संस्था) सेल्फ सर्व्हिस पोर्टलवर रुजू झाल्यापासून ३० दिवसांच्या आत भरायचा. तुम्ही भरता, मग सरांनी त्यांच्या लॉगिनमधून मंजूर करायचा असतो. तिथंच घोडं अडतं. सरांना ओटीपीसाठी फोन करायला मी आठ दिवस घाबरत होते. शेवटी काका म्हणाले, “अगं, ओटीपी मागतेस, मुलगी नाही मागत त्यांची.” कॉलेजही चालू असेल तर फॉर्म ११२ वेगळा. बी.कॉम. करणाऱ्यांनी हा विसरू नये, नंतर फार जड जातं.

मी एसटीचा पास काढायला गेले आणि पुढच्या पंधरवड्यात एसटीचा संप लागला. तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. म्हणजे माझे पहिले सहा महिने वडापमध्ये, जीपच्या मागच्या फळकुटावर मांडीवर लॅपटॉप घेऊन. महिन्याच्या शेवटी स्टायपेंडपेक्षा भाडं जास्त झालं तेव्हा वडिलांनी मावशीशी बोलून माझी सांगलीत सोय केली. आठवड्याचे पाच दिवस मावशीकडे, शनिवारी घरी.

पहिल्या वर्षात कुणी तुम्हाला काही शिकवत नाही, आणि यात फर्मची चूक आहे असंही मला आता वाटत नाही. काम असतं, कुणीतरी दाखवतं, तुम्ही तसं करता. व्हाउचिंग म्हणजे हिरव्या पेनानं टिक मारत जायचं. पेट्रोलची पावती, टिक. मजुरीचं व्हाउचर, टिक. आमच्या सीनियर ताईनं पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगितली होती: “टिक म्हणजे ‘मी पाहिलं’ असं लिहिणं. बघितलं नसशील तर मारू नकोस.” मी मान डोलावली. तिसऱ्या महिन्यापर्यंत माझा हात डोळ्यांच्या पुढे धावायला लागला होता. हजार व्हाउचरमधलं सातशेवं कुणी वाचत नाही. जो वाचतो म्हणतो तो एक तर नवा असतो किंवा सरांसमोर उभा असतो.

आता ती चौथी खोली.

जून २०२२. एका बँकेनं आमच्या फर्मला एका बेदाणा व्यापाऱ्याचं स्टॉक ऑडिट दिलं होतं. बाहेरच्या लोकांसाठी थोडं सांगते. आमच्याकडे फेब्रुवारी ते एप्रिल द्राक्षं शेडवर वाळवून बेदाणा करतात, साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो. मग तो पंधरा किलोच्या खोक्यांत भरून कोल्ड स्टोअरेजला जातो आणि वर्षभर तासगाव-सांगलीच्या सौद्यांत विकला जातो. व्यापारी हा माल दाखवून बँकेकडून कॅश क्रेडिट, म्हणजे लागेल तसं उचलायचं कर्ज, घेतो. दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट देतो, त्यावर बँक ड्रॉइंग पॉवर, म्हणजे किती रक्कम उचलता येईल ती मर्यादा, काढते, आणि मधून कधीतरी आमच्यासारख्यांना पाठवून कागदावरचा माल जागेवर आहे का ते बघून घेते. त्यासाठी स्टोअरेजचं आवक-जावक रजिस्टर, पावत्या, लॉट नंबर, विमा, बँकेच्या नावाची पाटी आणि प्रत्यक्ष खोकी, एवढं सगळं बघायचं असतं. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. एसए ५०१ हे ऑडिटचं स्टँडर्ड मी इंटरला पाठ केलेलं होतं. मालाच्या मोजणीला स्वतः हजर राहण्याबद्दल त्यातच सांगितलंय.

ताई स्टोअरेजच्या ऑफिसात पावत्या बघत बसली आणि मोजणीला मला आत पाठवलं. चेंबरमध्ये चार-पाच अंश तापमान. बाहेर जूनची उकाड्याची दुपार, मी कॉटनचा ड्रेस आणि चपला घालून गेलेले. कुणी सांगितलंच नव्हतं. पहिल्या चेंबरमध्ये मजा वाटली. दुसऱ्यात बोटं आखडली. तिसऱ्यात पेनाची शाई येईना, म्हणून पेन तोंडाजवळ धरून वाफ देत लिहिलं. लॉट नंबर, थप्पी किती आडवी, किती उभी, किती उंच, मधलं एखादं खोकं काढायला लावून उघडून बघायचं, असं तिन्ही चेंबरचं नीट केलं. बाहेर आले तेव्हा पाच वाजून गेले होते. तो शुक्रवार होता आणि त्या दिवशी मला परस्पर घरी जायचं होतं. मणेराजुरीमार्गे जाणारी गाडी साडेपाचची. चौथ्या चेंबरची किल्ली ज्याच्याकडे होती तो गावात गेला होता.

तिथला कामगार म्हणाला, “ताई, तिथं बी ह्योच माल हाय. रजिस्टरातनं ल्ह्या की.”

मी लिहिलं. चेंबर ४, खोकी १,८४०. पुढं हिरवी टिक.

१,८४० गुणिले १५ म्हणजे २७,६०० किलो. आम्ही धरलेल्या १६० रुपये किलोच्या भावानं ४४ लाख १६ हजार रुपयांचा माल मी न बघता बघितला. तेव्हा हा गुणाकार केला नव्हता. गाडीत खिडकीची जागा मिळाली आणि बोटं हळूहळू गरम झाली, एवढंच आठवतं. ताईनं विचारलं, “झालं सगळं?” मी हो म्हटलं. रिपोर्ट गेला. त्यावर सरांची सही आणि यूडीआयएन, म्हणजे सीएनं सही केलेल्या कागदाचा स्वतंत्र ओळख क्रमांक. त्या यूडीआयएनच्या अठरा अंक-अक्षरांत माझी टिकही होती.

यात लाच नव्हती, धमकी नव्हती, कुणाचा दबाव नव्हता, म्हणून हे एवढं तपशिलात लिहितेय. नीतिमत्तेच्या पुस्तकातल्या केस स्टडीत कायम कुणीतरी पाकीट पुढं सरकवतं. मला पाकीट सरकवलं असतं तर मी नक्की नाही म्हटलं असतं. थंडी आणि साडेपाचची गाडी यांना नाही म्हणायची तयारी माझी कुणी करून घेतली नव्हती.

दुसरं वर्ष पटकन सांगते, कारण त्यातला बहुतेक वेळ जीएसटीच्या रिटर्नमध्ये गेला आणि त्यात सांगण्यासारखं काही नसतं. एक छोटी गोष्ट मात्र आहे. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. आम्ही क्लायंटकडे जाण्याचं भाडं व्हाउचर लिहून घ्यायचो. पहिल्या आठवड्यात मी सवयीनं पूर्ण भाडंच लिहिलं. दुसऱ्या आठवड्यात लक्षात आलं, आणि तरी अर्धं लिहिताना हात थांबला. फरक वीस-पंचवीस रुपयांचा. स्टायपेंड तेव्हा २,०००. काकांनी व्हाउचर हातात घेऊन चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, “शासन तुला अर्धं माफ करतंय, फर्म नाही.” मी अर्धं लिहिलं. वाईट वाटलं ते पैशाचं नाही. याच आठवड्यात मी एका क्लायंटच्या ड्रायव्हरच्या भत्त्यावर तीन ओळींची हरकत काढली होती, त्याचं. टीप म्हणून सांगते, तिकीट व्हाउचरला स्टेपल करत जा. मग विचार करायची वेळच येत नाही.

एप्रिल २०२३ मध्ये बँकेच्या शाखांची वैधानिक ऑडिट आली. मार्चच्या शेवटी शाखांची यादी मिळते आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात धावपळ सुरू. यादीत आमच्या तालुक्यातली एक शाखा होती आणि सरांनी तिच्यासमोर माझं नाव लिहिलं, गाव जवळ म्हणून. अडचण अशी की वडिलांचं पीककर्ज त्याच शाखेत. मी दोन दिवस गप्प बसले. एक तर घरची गोष्ट ऑफिसात सांगायची लाज, आणि दुसरं, ती शाखा मिळाली तर आठ दिवस घरी राहायला मिळणार होतं.

घरी बोलले तर वडील म्हणाले, “त्यात काय एवढं? तू काय माझं कर्ज माफ करणार हायस?” ते हसले, पण पुढच्या वाक्याला मी हसले नाही. ते म्हणाले, “औंदा नवं-जुनं करताना लई वढाताण झाली बग.”

नवं-जुनं म्हणजे काय, हे ग्रामीण बँकेत ऑडिटला जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत असलं पाहिजे. पीककर्ज वेळेत फेडलं तर व्याजाची सवलत मिळते. आपल्या राज्यात तीन लाखांपर्यंतच्या कर्जाला ती शून्य टक्क्यांपर्यंत जाते. पण मुदत येते तेव्हा माल विकलेला नसतो किंवा विकून पैसे आलेले नसतात. मग कुणाकडून तरी दोन दिवसांपुरते पैसे उचलायचे, कर्ज भरायचं, लगेच नवं उचलायचं आणि ज्याचे त्याचे परत करायचे. कागदावर खातं स्वच्छ. मी लहानपणापासून हे बघत आले. मुदत जवळ आली की आई कुणाकुणाला फोन करायची. ऑडिटच्या पुस्तकात याला ‘एव्हरग्रीनिंग’ म्हणतात, आणि वाचताना मला पहिल्यांदा कळलं की आमच्या घरच्या धडपडीला इंग्रजीत नाव आहे आणि ते फारसं चांगलं नाही.

तिसऱ्या दिवशी सरांना सांगितलं. मला वाटलं होतं ते म्हणतील, मग काय झालं. त्यांनी यादी ओढली, माझं नाव खोडलं, जतकडच्या शाखेसमोर लिहिलं आणि एवढंच विचारलं, “जतला राहायची सोय आहे का?” कारण नाही, भाषण नाही. पुढचे सात दिवस मी जतला एका लॉजवर राहिले, रोजचे ४५० रुपये फर्मनं दिले. आपल्या घरच्यांचं खातं, नातेवाइकाचा धंदा, जुनी ओळख, असं काहीही असेल तर पहिल्या दिवशी सांगून टाका. दोन दिवस उशिरा सांगताना ‘हे आधी का नाही सांगितलं’ या प्रश्नाची भीती मूळ गोष्टीपेक्षा मोठी होऊन बसते.

जतच्या शाखेत एका कॅश क्रेडिट खात्यात ३१ मार्चला साडेसहा लाख जमा आणि ३ एप्रिलला तेवढेच बाहेर. मधे १ तारखेला बँक बंद, २ ला रविवार. म्हणजे पैसे बँकेत अक्षरशः झोपायला आले होते. त्याआधी जवळजवळ चार महिने खात्यात व्याजाएवढीही जमा नव्हती. मी मॅनेजरसाहेबांना विचारलं. माणूस चांगला होता, रोज दुपारी मला डब्यातली भाजी द्यायचा. म्हणाला, “मॅडम, तुम्ही आर्टिकल ना? सरांना येऊ द्या, आम्ही बोलतो.” संध्याकाळी माझ्या बॅगेजवळ द्राक्षांची पेटी ठेवलेली. मी द्राक्षवाल्याची मुलगी, मला द्राक्षांची लाच! हसूही आलं आणि घाबरलेही. सरांना फोन केला. म्हणाले, “चहा प्यायचा, पेटी ठेवून यायची. आणि खात्याचा उतारा काढून फाइलला लाव, मत लिहू नको, फक्त तारखा लिही. मत मी लिहीन.” खातं एनपीएमध्ये, म्हणजे थकलेल्या कर्जांत, टाकायला लावलं गेलं. निरोप घ्यायला गेले तेव्हा मॅनेजरसाहेब नीट बोलले नाहीत. त्यांच्यावर वरून काय दडपण होतं ते मला त्या आठवड्यात रोज ऐकू येणाऱ्या फोनवरून समजत होतं, त्यामुळे त्यांचा राग मला आला नाही. वडिलांचं नवं-जुनं आणि या व्यापाऱ्याचे झोपायला आलेले पैसे यांत नेमका फरक काय, हे मी जतच्या लॉजवर पंख्याकडे बघत बराच वेळ जुळवत होते. काही फरक आहेत. सगळेच मला पटलेले नाहीत.

तिसऱ्या वर्षी मी सीनियर झाले. म्हणजे ताई पास होऊन गेली, आणि जो उरतो तो सीनियर. माझ्या हाताखाली दोन ज्युनियर आले. दोघेही नव्या योजनेतले. १ जुलै २०२३ पासून लागलेल्यांना दोनच वर्षं आर्टिकलशिप, पण आधी दोन्ही ग्रुप काढून यावं लागतं, आणि रजा आमच्यापेक्षा फारच कमी. आम्हाला तीन वर्षांत १५६ दिवस मिळायच्या. (रजांचा हिशेब स्वतः ठेवा. जास्त झालेले दिवस शेवटी भरून द्यावे लागतात आणि तेव्हा परीक्षा तोंडावर असते.) पोरं हुशार होती आणि मी त्यांच्याशी चांगलं वागत नव्हते. ताई मला जशी कामं सांगायची तशी मी सांगायला लागले, फक्त ती सोबत ‘का’ सांगायची ते वगळून. मला वेळ नव्हता. फायनलचा अभ्यास, जुलैपासून स्टडी लीव्ह. ‘जुनी फाइल बघ आणि तसंच कर’ हे माझं दिवसातून दहा वेळा म्हटलं जाणारं वाक्य झालं होतं.

जून २०२४ ला तोच बेदाणा व्यापारी परत आला. मधल्या वर्षी ते काम दुसऱ्या फर्मकडे गेलं होतं. सरांनी मला टीम घेऊन जायला सांगितलं. मी पावत्या बघायला ऑफिसात बसले आणि एका ज्युनियरला मोजणीला आत पाठवलं. दुसरा माझ्याजवळ. म्हणजे बरोबर दोन वर्षांपूर्वीची मांडणी, फक्त खुर्ची बदललेली. तेव्हाही हे माझ्या लक्षात आलं नाही, शपथेवर सांगते. पोराला फक्त म्हटलं, “जुनी फाइल घेऊन जा आणि तसंच कर.”

साडेतीनला तो चारही चेंबरचं शीट भरून घेऊन आला. मला वेळ लवकर वाटली. शीट बघितलं. पहिल्या तीन चेंबरचे लॉट नंबर, थप्प्या, शेरे. चौथ्यापुढे एकच ओळ: खोकी १,२६०. टिक.

“चार नंबर कधी मोजलास?”

तो गप्प. मग मी जे केलं ते सांगायला आजही जड जातं. स्टोअरेजच्या माणसांसमोर, व्यापाऱ्याच्या मुनिमासमोर मी त्याला झापला. खोटं लिहितोस, सरांची सही जाते याच्यावर, कळतं का. माझा आवाज चांगलाच चढला होता. तो लाल झाला, खाली बघत राहिला आणि सगळं ओसरल्यावर हळूच फाइल उघडून माझ्यापुढे धरली.

“ताई, जुन्या फाइलमध्ये पण चार नंबर असाच घेतलाय. मला वाटलं तो रजिस्टरवरूनच घ्यायचा असतो.”

माझं अक्षर. तीन चेंबरचे लॉट नंबर बारीक थरथरत्या अक्षरात, बोटं गारठलेली कळावीत असे. आणि चौथ्याची ओळ मात्र सुबक, गरम हवेत बसून लिहिलेली. दोन वर्षांत त्या कागदाकडे कुणी बघितलं नव्हतं. या वीस वर्षांच्या पोरानं एका नजरेत ओळखलं होतं, आणि ओळखून ती चूक नव्हे, फर्मचा शिरस्ता आहे असं समजला होता.

त्या दिवशी चौथं चेंबर उघडलंच नाही, किल्ली या वेळीही जागेवर नव्हती. मी लेखी पत्र देऊन दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला उघडायला लावलं. रात्री मावशीच्या घरी २०२२ ची फाइल घेऊन बसले. हिरवं पेन तेच, त्याच कंपनीचं. चौथ्या ओळीखाली चार-पाच लॉट नंबर लिहिले असते तर कुणालाही कळलं नसतं. नंबर माझ्याकडे होते, रजिस्टरची झेरॉक्स फाइलला होतीच. पेनाचं टोपण मी काढलं होतं. मग स्वयंपाकघरातून मावशीनं जेवायला हाक मारली. जेवून आल्यावर फाइल बॅगेत टाकली. हे काही माझ्या सद्सद्विवेकाचं कौतुक नाही. वेळेवर जेवण तयार होतं म्हणून ते टळलं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

सकाळी आम्ही तिघंही आत गेलो. साधारण दीड तास लागला, आळीपाळीनं बाहेर येऊन चहा पीत. रजिस्टरला १,२६०. प्रत्यक्षात १,०४८. त्यातल्या १४० खोक्यांवर दुसऱ्याच व्यापाऱ्याच्या नावाच्या चिठ्ठ्या. कमी पडलेल्या २१२ खोक्यांच्या डिलिव्हरी चिठ्ठ्या निघाल्या, माल गेला होता आणि रजिस्टरला लिहायचा राहिला होता. १४० चं कारण मुनिमाला पटकन सांगता आलं नाही. एकूण बघता हा काही घोटाळा नव्हता, ढिसाळपणा होता. आम्ही माल ९०८ खोकी धरला.

त्या दुपारी सरांच्या केबिनमध्ये गेले आणि दोन्ही फाइली टेबलावर ठेवल्या. २०२२ चं शीट उघडून म्हटलं, “सर, हे चेंबर मी बघितलं नव्हतं.” आधी पाठ केलेलं मोठं वाक्य होतं, त्यातलं एवढंच बाहेर आलं.

सर बराच वेळ कागद बघत राहिले. मग म्हणाले, “याच्यावर रिव्ह्यूची सही कुणाची आहे?”

“तुमची, सर.”

“मग मलाही दिसायला हवं होतं.” आणि थोडं थांबून, “आत किती थंडी असते?”

हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. सांगितलं. त्यांनी काकांना हाक मारली आणि फर्मच्या खर्चानं दोन जाड जॅकेट आणायला सांगितली. सांगलीतच मिळाली, १,१०० रुपयांना एक. फाइलबद्दल त्यांनी सांगितलं की जुन्या कागदाला हात लावायचा नाही, काही खोडायचं नाही, काही वाढवायचं नाही. वेगळ्या पानावर आजची तारीख घालून, काय झालं होतं आणि आज काय समजलं ते लिहून, माझी आणि त्यांची सही करून मागे लावायचं. बँकेला पत्रही त्यांनी लिहिलं, की २०२२ च्या रिपोर्टमधली एका चेंबरची मोजणी प्रत्यक्ष झालेली नव्हती. पत्रात ‘आमच्याकडून’ असा शब्द होता. माझं नाव नव्हतं. ते खातं तेव्हाही नियमित होतं, आताही होतं. पण त्यानंतर त्या बँकेचं स्टॉक ऑडिटचं काम आमच्याकडे आलं नाही. त्याचं कारण हेच होतं का, हे सरांनी कधी सांगितलं नाही, आणि विचारायचा धीर मला झाला नाही.

ज्युनियरची माफी मागायला मला चार दिवस लागले. एकट्यात मागितली, झापलं होतं चारचौघांत. तो “नाही ताई, ठीक आहे” म्हणाला, ते ठीक नव्हतं हे दोघांनाही माहीत होतं. मग दुसऱ्या ज्युनियरसमोर पुन्हा बोलले आणि २०२२ चं सगळं सांगितलं, गाडी, चपला, पेनाला दिलेली वाफ. ‘जुनी फाइल बघ आणि तसंच कर’ म्हणायचं त्यानंतर बंद झालं. त्याऐवजी ‘जुनी फाइल बघ आणि त्यात काय चुकलंय ते सांग’ असं म्हणायला लागले. कामाला दुप्पट वेळ लागायचा. दोन आठवड्यांत त्यांनी माझ्या अजून तीन चुका काढल्या, त्यातली एक घसाऱ्याची होती आणि बऱ्यापैकी लाजिरवाणी.

जुलैत स्टडी लीव्हवर गेले. १० ऑक्टोबरला आर्टिकलशिप संपली. टॅक्स ऑडिटची मुदत त्या वर्षी ३० सप्टेंबरवरून ७ ऑक्टोबरपर्यंत वाढली होती, त्यामुळे सर थकलेले होते आणि आर्टिकलशिप पूर्ण झाल्याचा फॉर्म १०८ मंजूर व्हायला आणखी नऊ दिवस गेले. तुमचं संपत आलं की पंधरा दिवस आधीच फॉर्म भरून तयार ठेवा, रजांचा आकडा आणि स्टायपेंडची नोंद फर्मच्या रजिस्टरशी जुळवून घ्या. माझा रजेत दोन दिवसांचा फरक निघाला होता. नोव्हेंबरच्या फायनलला एकच ग्रुप निघाला. दुसऱ्याचा अभ्यास चालू आहे.

त्यानंतर एकदा ज्युनियरचा फोन आला. आता तोच सीनियर आहे. हळदीच्या एका कोल्ड स्टोअरेजचं काम आलंय, नव्या मुलीला घेऊन चाललोय, ती जॅकेटं कुठं ठेवलीत, असं विचारत होता. काकांच्या कपाटात खालच्या खणात, जुन्या कॅलेंडरांच्या मागे आहेत म्हणून सांगितलं. एकाची चेन अडकते, ते तू घाल, म्हटलं.